उभी रेघ

“भोक नहीं मारने का, बाबा. एक भी नहीं,” खैरुद्दीन म्हणाला आणि त्याने रायफलीवर पंजा ठेवला. जसं काही कोणी आत्ताच ड्रिल घेऊन दारात उभं आहे.

दारात फहद उभा होता. त्याच्या हातात ड्रिल नव्हतं, फोन होता. “मामू, इंडस्ट्रियल एरियात मशीन शॉप आहे. अर्ध्या तासात ड्रिल मारून, आटे पाडून, स्कोप बसवून देतात. बाबांचा टाइम कशाला घालवायचा?”

“अर्ध्या तासात सुंता होते. रायफलीला स्कोप बसत नाही.”

“क्या बोला?” अबू राशिदने विचारलं. त्याला मराठी येत नव्हतं, पण खैरुद्दीन काही तिरकं बोलला की त्याला ते सुरावरून कळायचं. एवढ्या वर्षांच्या ओळखीत तेवढं कळतंच.

“कुछ नहीं, बाबा. मैं बोला, आराम से करेगा.”

उम्म अल कुवैनच्या बाहेर, वर्कशॉपं संपून खारफुटी सुरू होते तिथे हा नेमबाजीचा क्लब. मागच्या बाजूला शस्त्रागार, आणि शस्त्रागारात राजिवड्याचा खैरुद्दीन. मेंबरांच्या बंदुका साफ करायच्या, तेल द्यायचं, स्प्रिंगा बदलायच्या आणि संध्याकाळी कुलूप लावून चावी गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात अडकवायची. क्लबात त्याला सगळे मामूच म्हणत. सख्खा भाचा फहद म्हणायचा म्हणून वसईचा वॉल्टर म्हणायला लागला, वॉल्टर स्कोअरिंगला बसायचा म्हणून मेंबर म्हणायला लागले. फहदला इथे आणला खैरुद्दीननेच. बहीण कुबरा रडली, पोरगा गावात बसून वाया चाललाय म्हणाली, म्हणून. आता फहद मॅनेजर होता आणि खैरुद्दीन होता तिथेच होता. त्याचं त्याला वाईट वाटत नव्हतं. उलट नवीन मेंबर आला की तो आवर्जून सांगायचा, “मॅनेजर मेरा भांजा है.” माणसाने इतकंही भोळं असू नये.

टेबलावरची रायफल अबू राशिदची होती. थ्री नॉट थ्री, दुसऱ्या महायुद्धातली. तरुणपणी तो पहाऱ्याच्या दलात होता, तेव्हा त्याला मिळालेली. पुढे तिच्यावर त्याने क्लबातले कप जिंकले. आता नळीच्या टोकावरची बारीक लोखंडी खूण त्याला दिसेनाशी झाली होती. जुन्या सैनिकी रायफलींची स्पर्धा जवळ आली होती, त्यात यंदा दुर्बीण लावलेल्यांचा वेगळा गट होता. म्हातारा त्यासाठी हटून बसला होता.

“मेरा आँख खलास, खैरू,” तो म्हणाला. “तेरा आँख लगा दे इसको.”

खैरुद्दीन हसला. हसताना तो म्हाताऱ्याच्या तोंडाकडे नाही, खांद्याकडे बघत होता. “लगाएगा बाबा. इन्शाल्ला.”

इथे त्याने नाही म्हणायला हवं होतं. नाही म्हणायची हजार कारणं होती त्याच्याकडे, आणि एक खरं होतं.

त्याच्या डाव्या डोळ्यात तरुणपणीच एक स्प्रिंग उडून लागली होती. त्या डोळ्याला उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. ते सगळ्यांना माहीत होतं आणि कोणाला त्याची पडलेली नव्हती. नेमबाजाला तसाही एक डोळा मिटावाच लागतो, असं वॉल्टर म्हणायचा. पण वर्षभरापासून उजवाही दगा देत होता. कडेने सगळं दिसायचं, ऐन मध्यावर मात्र धूर. रेघ बघायला जावी तर ती मध्येच वाकायची. शारजातल्या डॉक्टरने एक कागद दिला होता, चौकटी चौकटी आखलेला, मधोमध काळा ठिपका. रोज सकाळी ठिपक्याकडे बघायचं आणि रेघा किती वाकतात ते मनात ठेवायचं. वाकणं वाढलं तर यायचं. पुढच्या खेपेला डॉक्टर म्हणाला, आता यावर इलाज राहिला नाही, ऑपरेशनचाही नाही. आहे तेवढं वापरा.

हे फक्त बायकोला, शहरबानूला ठाऊक होतं. आणि आणखी एक गोष्ट तिलाच ठाऊक होती. ऑगस्टात व्हिसा संपत होता. तो पुन्हा करायचा नाही, असं खैरुद्दीनने ठरवलं होतं. बाबाची रायफल शेवटची. ती झाली की एका सकाळी ऑफिसात जायचं, गळ्यातली चावी काढायची आणि स्वतःच्या हाताने फहदच्या टेबलावर ठेवायची. बस, वय झालं, म्हणायचं. डोळा गेला म्हणून मामूला काढलं, असं कोणाच्या तोंडून निघता कामा नये. त्याला जगाकडून एवढंच हवं होतं. फार नव्हतं.

“कोणाला बोलू नकोस,” त्याने तिला बजावलं होतं. “फहदला तर नाहीच.”

“मी कशाला बोलू?” शहरबानू म्हणाली होती. आणि तेव्हा ती खरंच बोलणार नव्हती.

शारजाच्या रोल्ला भागातल्या त्यांच्या घराच्या स्वयंपाकघरात, मसाल्याच्या कपाटाच्या दाराला, आतल्या बाजूने तिने तो कागद चिकटवला होता. आल्यागेल्याला दिसू नये म्हणून. सकाळी कपाट उघडायचं, हळद-मिरचीच्या बरण्यांसमोर उभं राहून खैरुद्दीनने ठिपका शोधायचा, आणि तिने मागून विचारायचं, “किती?”

“कालच्याइतकंच.”

त्याला तिचं तोंडही सरळ बघून दिसत नसे. बघायचं असलं की तो तिच्या कानाकडे बघायचा, कानातल्या सोन्याच्या बालीकडे. मग कडेने तोंड दिसायचं. सुरुवातीला ती वैतागली. नंतर तिला त्याची सवय झाली, आणि नंतर तर ते आवडायलाच लागलं. नवरा बोलता बोलता मान जराशी वळवून बालीकडे बघू लागला की तिला कळायचं, आता हा मला बघतोय. “तुमचा निकाह माझ्याशी झालाय का बालीशी?” असं ती म्हणायची. तो म्हणायचा, “बालीशीच. तू आंदण आलीस.” या वयात असली थट्टा दुसऱ्या कोणासमोर करायची सोय नव्हती, म्हणून ती दोघांतच चालायची.

शुक्रवारी फहद त्याच्या पोरीला, इनायाला घेऊन जेवायला आला. खैरुद्दीन नमाजला गेला होता. शहरबानू शेरी मासळीच्या कालवणात कोकम टाकत होती आणि इनायाला बसवत नव्हतं. तिने मसाल्याचं कपाट उघडलं.

“दादी, व्हाय इज देअर मॅथ्स इन द कबर्ड?”

“बंद कर ते. मिरची डोळ्यात जाईल.”

“बट हू डज मॅथ्स इन हिअर?”

फहद उठून आला. त्याने कागद बघितला, मामीकडे बघितलं. “हे काय आहे, मामी?”

आता बाईमाणसाला एक खोटं सुचू नये? गॅसवाल्याने लावला म्हणाली असती, पोरांची रांगोळी आहे म्हणाली असती, चाललं असतं. पण गेले काही दिवस ती एकटीच घाबरत होती. खैरुद्दीन बाबाच्या रायफलीला हात घालणार होता. काही चुकलं, कोणाला लागलं, तर? आणि समोर कोण, तर तिच्याच हातचं खाऊन मोठा झालेला फहद. मूल नव्हतं तिला. राजिवड्यात असताना लहानग्या फहदच्या तापात ती रात्र रात्र बसली होती. तिने पदराने हात पुसले आणि त्याला सगळं सांगितलं. रेघा वाकतात, मध्ये धूर दिसतो, डॉक्टरने इलाज नाही म्हणून सांगितलंय.

“तू फक्त लक्ष ठेव,” ती म्हणाली. “त्यांना कळू न देता. स्कोप लावतील तेव्हा एकदा नजर टाक. काही चुकलं असेल तर गुपचूप नीट कर.”

“मामी, टेन्शन नको घेऊ. मी आहे ना.”

तिच्या छातीवरचा दगड उतरला. चावीचं आणि ऑगस्टचं मात्र तिने सांगितलं नाही. ते खैरुद्दीनचं गुपित, असं तिला वाटलं. एक गुपित फोडलं म्हणून दुसरं जपलं. उलट केलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. फहदला मामा जायला हवा होता, आणि मामा आपणहून निघालाच होता.

कारण फहदच्याही गळ्याशी आलं होतं. शस्त्रागार दुबईच्या एका कंपनीला द्यायचं असं वर ठरत होतं आणि मामूचं काय करायचं ते तू बघ, असं त्याला सांगितलं होतं. तो काय बघणार? सख्ख्या मामाला काढलं असं राजिवड्यात कळलं की कुबराने जेवण टाकलं असतं. ज्याने व्हिसा काढला त्यालाच हाकललास, असं मशिदीच्या पायरीवर बसणारे म्हातारेही बोलले असते. फहदच्याने मामाला जा म्हणवत नव्हतं. मामा चारचौघांत आपोआप पडला, तर मात्र गोष्ट वेगळी होती. मग भाच्याने त्याला उचलून घरी पोचवलं, असंही म्हणता आलं असतं. सापही मरावा आणि काठीही मोडू नये. काठी मामीने स्वतः आणून हातात दिली होती.

सोमवारी खैरुद्दीनने स्कोप बसवला.

काम त्याने सुंदर केलं, हे सांगायला हवं. रायफलीची मागची जुनी साइट काढली, पुसली, कापडात गुंडाळून नाव घालून ठेवली. तिच्याच खिळीच्या भोकात स्कोपची बैठक बसवली. जुन्या लोखंडाला नवा ओरखडा नाही. उद्या स्कोप काढला तर रायफल होती तशी. मग बोल्ट बाहेर काढला, रायफल स्टँडवर आवळली आणि मागून रिकाम्या नळीतून लांबच्या पाण्याच्या टाकीवरची खूण बघितली. सरळ बघून धूर दिसला. जरा बाजूला बघितलं, तर खूण कडेने नळीत आली. स्कोपही त्याच खुणेवर आणला. या सगळ्याला वेळ लागला, घाम आला, पण जमलं.

राहिली क्रॉस. स्कोपच्या आत दोन बारीक रेघा असतात, एक आडवी, एक उभी. उभी रेघ रायफलीच्या पाठीशी अगदी उभीच हवी. लोक त्यासाठी पाण्याचा बुडबुडा असलेली छोटी लेव्हल ठेवतात. फहदने तशी एक आणूनही दिली होती. ती खणात पडून होती. खैरुद्दीन म्हणायचा, बुडबुडे गवंड्याला. तो रायफल छातीशी धरून मागून एक नजर टाकायचा आणि रेघ लावायचा. आयुष्यभर त्याने तशीच लावली आणि आयुष्यभर ती उभीच निघाली.

आताही त्याने खण उघडला नाही. रेघ वाकडी दिसते हे त्याला माहीत होतं. पण किती वाकडी दिसते हेही तो रोज कपाटासमोर बघत होता. डोळा खोटं बोलतो, पण रोज तेवढंच खोटं बोलतो, असा त्याचा हिशेब. म्हणून त्याने रेघ आधी सरळ दिसेल अशी लावली आणि मग डोळ्याच्या खोटेपणाएवढी उलट फिरवली. पण कागदाचा ठिपका तो सरळ बघायचा आणि ही रेघ कडेने बघत होता, जिथे काही वाकतच नव्हतं. जगात दुसऱ्या कोणी अशी चूक केली नसती. दुसऱ्याने एकतर लेव्हल घेतली असती, नाहीतर काम टाकून दिलं असतं.

आणि तरी त्याच्या मनात खुट्ट होतंच. वॉल्टर स्कोअरकार्डांचा गठ्ठा घ्यायला आत आला होता, मागोमाग फहद. खैरुद्दीनने सहज बोलल्यासारखं केलं.

“फहद, जरा बघ रे. उभी आहे ना?”

फहदने रायफल खांद्याला लावली. क्रॉस कलली होती. थोडी नव्हे, इनायाने बघितली असती तरी ती मान कलती करून हसली असती एवढी. फहद बघत राहिला. आता त्याला फक्त खरं बोलायचं होतं. दोन स्क्रू ढिले करून मामाच्या हातात लेव्हल द्यायची होती. मामीला तसा शब्द दिला होता.

“एकदम सरळ, मामू. एक नंबर.”

“बघ बाबा नीट.”

“बघितलं ना. वॉल्टर, तू बघ.”

वॉल्टरने बघितलं. मग फहदकडे बघितलं. वॉल्टरला बायको-पोरं होती आणि त्याच्या रजेच्या अर्जावर फहदची सही लागायची. “ओके आहे,” तो म्हणाला आणि कार्डं घेऊन गेला.

खैरुद्दीनने स्क्रू घट्ट आवळले. त्या संध्याकाळी घरी येऊन त्याने शहरबानूला सांगितलं, फहदने बघितलं, एकदम सरळ म्हणाला. ती मनातल्या मनात फहदला दुवा देत राहिली.

शनिवारी सकाळी सरावाला सगळे मेंबर आले होते. अबू राशिद नवी पायघोळ कंदुरा घालून आला होता, ईदला आल्यासारखा. त्याने खैरुद्दीनला शेजारी उभं केलं. आधी शंभर मीटर. म्हाताऱ्याने श्वास धरला, गोळी सोडली, आणि वॉल्टर स्क्रीनकडे बघत म्हणाला, “टेन.” पुढचीही दहा. खैरुद्दीनने नुसतं “माशाल्ला” म्हटलं आणि आपला घाम पुसला. डोळ्याने शेवटच्या कामाला साथ दिली होती.

जवळच्या निशाणाला कलती क्रॉस काही बिघडवत नाही. जवळ सगळं जुळतं. लांब जायचं म्हणून स्कोपचा नॉब फिरवून वर चढवलं, की ती रेघ वर नेता नेता बाजूलाही नेते. तीनशे मीटरवर मारायला लागले तेव्हा वॉल्टर म्हणाला, “लेफ्ट.”

अबू राशिदने पुन्हा मारली.

“लेफ्ट, बाबा.”

वारा नव्हता. झेंडा खांबाला चिकटून लोंबत होता. म्हातारा सावकाश मारत गेला आणि वॉल्टर हळूहळू आवाज उतरवत “लेफ्ट” म्हणत गेला. शेवटी अबू राशिदने रायफल टेबलावर ठेवली आणि स्वतःच्या हाताकडे बघितलं.

“खलास, खैरू,” तो म्हणाला. “आँख गया, अब हाथ भी गया. इसको बेच दो.”

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. खैरुद्दीन गप्प बसला असता तर सगळं निभलं असतं. म्हाताऱ्याचा हात गेला, रायफल विकली, ऑगस्टात चावी टेबलावर. पण त्याला ते बघवेना. त्याने रायफल उचलली, डोळ्याला लावली, मान इकडे फिरवली, तिकडे फिरवली. धुरात रेघ सापडेना.

“फहद,” तो म्हणाला, “परत एकदा बघ रे. उभी आहे ना?”

फहद पुढे आला. त्याने क्षणभरच बघितलं आणि रायफल खाली घेतली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, आधी अरबीत आणि मग इंग्लिशमध्ये, तो बोलला. बाबांचा हात ठीक आहे. क्रॉस वाकडी बसवली आहे. आमच्या मामूंचा डोळा वर्षापूर्वीच गेला. चौकटीच्या कागदावरच्या रेघासुद्धा वाकड्या दिसतात त्यांना. डॉक्टरने इलाज नाही म्हणून सांगितलंय. फॅमिली मॅटर, म्हणून मी गप्प होतो.

खैरुद्दीनने वॉल्टर बसला होता त्या बाजूला मान वळवली. वॉल्टर आपल्या बुटाची नाडी बांधत होता. ती आधीच बांधलेली होती.

सोमवारी तूच सरळ म्हणालास, एवढं एक वाक्य खैरुद्दीनच्या तोंडात होतं. ते बोलला असता तर भाचा तिथल्या तिथे उघडा पडला असता. पण चारचौघांत बहिणीच्या पोराला खोटारडा म्हणायचं कसं? त्याने ते वाक्य गिळलं. फहदला ते गिळलं जाणार हे माहीत होतं. त्याचा सगळा बेत त्यावरच उभा होता.

“इज ही ब्लाइंड?” एका मेंबराने विचारलं. “ही हँडल्स माय गन्स.”

“मामू,” फहद मराठीत, अगदी मऊ आवाजात म्हणाला, “तो झेंड्याचा खांब बघा. सरळ आहे का वाकडा?”

“खांब सरळच असणार.”

“असणार नाही. दिसतो कसा?”

सगळे खांबाकडे आणि मग खैरुद्दीनकडे बघत होते. बाजूला मान करून, कडेने बघून त्याला सांगता आलं असतं. तो कायम तेच करत आला होता. पण आता मान वळवली असती तर लोकांना तेही कळलं असतं. त्याने सरळ बघितलं.

“वाकडा,” तो म्हणाला.

कोणीतरी हसलं. मोठ्याने नाही.

आणि अबू राशिदचा चेहरा फुलला. हे सगळ्यात वाईट झालं. म्हातारा दुष्ट नव्हता, पण त्याचा हात त्याला परत मिळाला होता, आणि त्या आनंदात त्याला शेजारी कोण उभं आहे ते दिसेना. “मेरा हाथ ठीक है?” तो फहदला विचारत राहिला. “हाथ ठीक है?” फहदने खिशातून लेव्हल काढली. म्हणजे ती खणातून आज सकाळीच त्याच्या खिशात आली होती. दोन स्क्रू ढिले केले, बुडबुडा मध्ये आणला, स्क्रू आवळले. थोड्या गोळ्या जुळवाजुळवीत गेल्या. मग वॉल्टर म्हणाला, “टेन.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. खैरुद्दीननेही वाजवल्या. न वाजवून कसं चालेल, बाबाचे दहा आले होते.

“अब से ये लड़का देखेगा मेरा रायफल,” अबू राशिद म्हणाला आणि त्याने फहदच्या पाठीवर थाप मारली. मग त्याला आठवण झाली असावी. तो खैरुद्दीनकडे वळला. “तुम आराम करो, खैरू. बहुत काम किया.”

फहदने मामापुढे हात केला. “मामू, चावी.”

दोरा डोक्यावरून काढताना खैरुद्दीनच्या कानात अडकला. फहदने तो अलगद, प्रेमाने सोडवला.

घरी सोडायलाही फहदच आला. गाडीत त्याने मामाचा सीटबेल्ट लावून दिला, एसी कमी केला आणि सांगितलं की फेअरवेल चांगलं करू, शिल्ड देऊ, अम्मीला मी समजावून सांगतो, तुम्ही फोन करू नका. खैरुद्दीन “बरं” म्हणाला. बिल्डिंगच्या खाली उतरताना त्याने एकदाच विचारलं, “सोमवारी तुला दिसली होती ना रे?”

फहदने रस्त्याकडे बघितलं. “मामू, जे झालं ते चांगल्यासाठी झालं. यल्ला, मी निघतो. मागे गाड्या आहेत.”

शहरबानूने सांदणं केली होती. शेवटचं काम फत्ते होणार म्हणून सकाळपासून तांदूळ-खोबऱ्याचा खटाटोप चालला होता. दार उघडताच तिची नजर नवऱ्याच्या गळ्याकडे गेली. तिथे दोरा नव्हता.

“चावी?”

“दिली.”

“एवढ्यात? ऑगस्टात देणार होतात ना?”

तो टेबलाशी बसला. त्याने तिला सगळं सांगितलं, खांबाचंही आणि टाळ्यांचंही, कोणत्याच वाक्यावर जोर न देता. सांदणांची वाफ निवत होती. ती मध्ये एकदा “अल्ला” म्हणाली आणि खुर्ची धरून खाली बसली.

“फहद बोलला?” ती म्हणाली. “त्याने शब्द दिला होता मला. नीट करतो म्हणाला होता.”

हे तोंडातून निघालं आणि तिचं तिलाच ऐकू आलं.

खैरुद्दीनने गळ्यावरून, दोरा असायचा तिथून, हात फिरवला.

“पोरीने कपाट उघडलं,” ती घाईने म्हणाली. “इनायाने. तिने कागद बघितला, त्यावरून त्याला कळलं. मी काय करणार?”

“पोरीने कागद बघितला असेल. डॉक्टरने इलाज नाही म्हणून सांगितलं, ते कागदावर कुठे आहे?”

“तुमच्यासाठीच बोलले मी,” ती म्हणाली. “भीती वाटत होती मला. त्याला पोटच्या पोरासारखा वाढवला म्हणून बोलले. खायचं बघा ना काहीतरी. थंड होतंय.”

“खातो.”

त्याने सांदणाचा तुकडा मोडला, खाल्ला. मग डोकं वर करून तिच्याकडे बघितलं. ती वाट बघत राहिली, की आता मान जराशी वळेल, नजर बालीवर जाईल. नजर वळली नाही. तो सरळ तिच्या तोंडाकडे बघत होता. दोन डोळ्यांच्या बरोबर मध्ये.

“अहो,” ती म्हणाली.

“बोल. ऐकतोय.”

तिने खुर्ची थोडी बाजूला सरकवली, त्याच्या नजरेच्या कडेला तोंड यावं म्हणून. आवाज झाला तिकडे त्याने डोकं वळवलं, आणि पुन्हा सरळ तिच्या तोंडाकडे बघत दुसरा तुकडा मोडला.